चिखलात राहिलेलं देणं

तिबुलस नावाचा एक माणूस ग्रातस नावाच्या दुसऱ्या माणसाचे १०५ देनारी, म्हणजे रोमन नाणी, देणं लागत होता. माल घेतला होता, तो ताब्यातही आला होता, पैसे तेवढे राहिले होते. म्हणून इसवी सन ५७ मध्ये, ८ जानेवारीला, त्याने तसं लिहून दिलं. पैसे ग्रातसला, किंवा ज्याचा त्यावर हक्क पोचेल त्याला, परत करायचे आहेत असंही त्यात आहे. दोघेही एकेकाळचे गुलाम, पुढे मुक्त झालेले. नावापुढे बापाचं नाव नाही, जुन्या मालकाचं आहे. तिबुलस वेनुस्तसचा, ग्रातस स्पुरियसचा. वर्ष रोमन रिवाजाप्रमाणे त्या साली अधिकारावर असलेल्या दोन कॉन्सलांच्या नावांनी सांगितलंय आणि त्यांतला एक खुद्द सम्राट नीरो आहे. रोमन सैन्याला ब्रिटनमध्ये उतरून तेव्हा चौदा वर्षं झाली होती. लंडन नावाचं गाव तर त्याहूनही अलीकडचं.

हा रोखा लाकडी पाटीवर लिहिलेला आहे. लंडनच्या सिटी भागात ब्लूमबर्ग कंपनीच्या युरोपीय मुख्यालयासाठी जागा खणली जात होती, तेव्हा २०१० ते २०१४ या काळात तिथे अशा ४०५ पाट्या मिळाल्या. अंगावर तारीख असलेला याहून जुना हस्तलिखित दस्तऐवज ब्रिटनमध्ये आजवर सापडलेला नाही. बातमी आली तेव्हा जो तो म्हणत होता की बघा, आज जिथे जगभरचा पैसा फिरतो तिथे तेव्हाही पैशाचेच व्यवहार होते. खरंय ते. पण मला त्या पाटीनं धरून ठेवलं ते वेगळ्या कारणानं. आमचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं. उधारीच्या वहीत वडील आधी तिथी-तारीख घालत, मग नाव, आणि एका नावाची दोन-तीन माणसं असली की पुढे ‘सुताराच्या समोरचे’ किंवा ‘पाटलांच्या वाड्यातले’. लंडनच्या पाट्यांपैकी एका पाटीवर अगदी असाच पत्ता आहे : हे पिंपं बनवणाऱ्या युनियसला द्यावं, कातुलसच्या घरासमोर. ते वाचल्यावर रोमन साम्राज्य ही माझ्या मनातली संगमरवरी, खांबांची, सेनापतींची गोष्ट उरली नाही. तो एक रस्ता झाला आणि त्या रस्त्यावर कोण कुणाच्या समोर राहतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

या पाट्या फरच्या लाकडाच्या आहेत. समुद्रापलीकडून दारू आणि इतर माल पिंपांमधून येई आणि पिंप रिकामं झालं की त्याच्या फळ्या कापून पाट्या केल्या जात. मध्ये उथळ खोलगट भाग, त्यात काळं मेण, आणि मेणावर टोकदार लोखंडी लेखणीनं मजकूर. काम झालं की मेण सपाट करायचं आणि पुन्हा लिहायचं. मेण केव्हाच गेलं. पण लिहिणाऱ्याचा हात जड असला की लेखणीचं टोक मेणातून आरपार जाऊन लाकडाला लागे, आणि ते ओरखडे राहिले. एकाच पाटीवर पुष्कळदा एकाहून अधिक पत्रांचे ओरखडे एकमेकांवर चढलेले असतात. रॉजर टॉमलिन या ऑक्सफर्डच्या विद्वानांनी पाटीवर वेगवेगळ्या बाजूंनी तिरपा प्रकाश टाकून काढलेल्या छायाचित्रांतून, एकेक रेघ वेगळी करत ती वाचली. ४०५ पैकी ऐंशीहून थोड्या अधिक पाट्यांमधून काही वाचता आलं. तेही बरेचदा अर्धं वाक्य, नुसतं नाव, नुसता आकडा. त्यांचं २०१६ मध्ये निघालेलं पुस्तक माझ्या मुलीनं मला आणून दिलं. ती सिटीतच नोकरी करते, त्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर.

लाकूड दोन हजार वर्षं टिकलं कसं? याचं श्रेय कुणाच्या काळजीला नाही, ते वॉलब्रुक नावाच्या ओढ्याला आहे. हा ओढा शहराच्या मधून थेम्सला मिळे. त्याच्या काठची जमीन दलदलीची. तिच्यावर घरं बांधायची तर ती उंच करायला हवी, म्हणून लोक शहरातला कचरा आणून तिथे टाकत : शेण, राडारोडा, फाटके जोडे, तुटक्या टोपल्या, निकामी पाट्या. सगळं ओल्या चिखलात दबलं. त्या चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे कुजवणारे जीव तिथे जगत नाहीत. लाकूड, कातडं, वेताचं काम, जे एरवी शंभर वर्षांत माती होतं, ते तिथे राहिलं. पुढे शहर स्वतःच्या राडारोड्यावर चढत गेलं, ओढा जमिनीखाली गाडला गेला, आणि आजचा रस्ता तिथल्या रोमन जमिनीच्या सुमारे सात मीटर वर आहे.

त्या पाट्यांमध्ये काय काय आहे ते सांगायला बसले की मला थांबवत नाही. तॉरस नावाचा एक जण माक्रिनसला कळवतो की कातारियस येऊन जनावरं घेऊन गेला, आणि ती भरून काढणं आपल्याला तीन महिन्यांत होणार नाही. त्या काळात जनावरं म्हणजे पोटाचं साधन; घाबरून गेलाय तो. दुसरा कुणी कुणाला बजावतो की बाजारभर ते लोक फुशारक्या मारताहेत, तू त्यांना कर्ज दिलंस म्हणून, तेव्हा तुझ्याच भल्यासाठी सांगतो, हलका पडू नकोस. हे पत्र तर गाव वसलं त्या सुरुवातीच्या वर्षांतलं. तिसरा भाकरी आणि मिठाची शपथ घालून म्हणतो की माझे सव्वीस देनारी शक्य तितक्या लवकर पाठव. मिठाची आण आपल्याकडेही आहे, त्यामुळे हे वाक्य समजून घ्यायला मला टॉमलिनांच्या टिपेची गरज पडली नाही. एका पाटीवर नुसती मुळाक्षरं आहेत, कुणीतरी गिरवलेली. एकीवर तर्तियस नावाच्या दारू गाळणाऱ्याचा पत्ता. आणि एकीवर मोगोन्तियसचं नाव आणि ‘लंडन येथे’ एवढंच. ही पाटी इसवी सन ६५ ते ८० च्या दरम्यानची. लंडनचं नाव त्याच मातीत, त्या काळातल्या हातानं लिहिलेलं प्रथम आढळतं ते असं, पत्त्यात. इतिहासकार टॅसिटसनं आपल्या ग्रंथात या गावाचा उल्लेख केला तो त्याच्या साधारण पन्नास वर्षांनंतर.

टॅसिटसनं सांगितलेली लंडनची गोष्ट आगीची आहे. इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये इसेनी लोकांची राणी बूडिका रोमनांविरुद्ध उठली. तिने कोल्चेस्टर जाळलं, मग लंडन, मग वेरुलामियम, म्हणजे आजचं सेंट ऑल्बन्स. तीन गावांत मिळून सत्तर हजार माणसं मेली असं टॅसिटस म्हणतो. आकडा कितीही फुगवलेला धरला तरी आग खरी होती. सिटीत कुठेही पुरेसं खोल खणलं की भाजलेल्या मातीचा तांबूस थर लागतो, तो त्या दिवसांचा. आणि या पाट्यांमध्ये २१ ऑक्टोबर ६२ ची एक पाटी आहे. मार्कस रेन्नियस वेनुस्तस लिहून देतो की गायस वालेरियस प्रोकुलसशी माझा करार झालाय : त्याने १३ नोव्हेंबरपर्यंत वेरुलामियमहून लंडनला अन्नसामानाच्या वीस खेपा पोचवायच्या, दर खेपेला पाव देनारी भाडं. दोन्ही गावं जळून जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेली. पाऊस लागायच्या आत, रस्ते बिघडायच्या आत धान्य यायला हवं, म्हणून मुदत. या गाडीवानाच्या कराराइतकं त्या आगीबद्दल मला कशानंच सांगितलं नाही. राख निवली होती, माणसं परत आली होती, आणि त्यांना जेवायचं होतं.

याच आवारात १९५४ मध्येही खोदकाम झालं होतं, आणि ती हकिगत लंडनमधल्या जुन्या माणसांना अजून आठवते. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावानं हा भाग उद्ध्वस्त झाला होता. तिथे बकलर्सबरी हाऊस नावाची मोठी कचेरी उभी राहायची होती. त्याआधी डब्ल्यू. एफ. ग्राइम्स हे पुरातत्त्वज्ञ थोडी माणसं आणि तुटपुंजा पैसा घेऊन वॉलब्रुकच्या खोऱ्याचा आकार शोधत चर खणत होते. त्यांना एका देवळाचा पाया लागला. मुदत संपत आली असताना, १८ सप्टेंबरला, संगमरवरी मस्तक सापडलं : टोकाशी पुढे वळलेली टोपी घातलेला तरुण देव, मिथ्रस. हा देव इराणकडून आलेला, ऋग्वेदातल्या मित्राच्या गोत्रातला. रोमन सैनिक आणि व्यापारी त्याची पूजा बंदिस्त, अंधाऱ्या जागेत करत, आणि ती फक्त पुरुषांची असे. देऊळ इसवी सन २४० च्या सुमाराचं.

वर्तमानपत्रात छायाचित्र आलं आणि लोक लोटले. युद्धानं पोळलेलं शहर. रेशनिंग त्याच उन्हाळ्यात संपलेलं. दोन आठवड्यांत सुमारे चार लाख माणसं रांगा लावून ते भग्न दगड बघून गेली. चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात या देवळावर चर्चा झाली. आहे तिथेच राखायचं तर इमारतीचा आराखडा बदलावा लागणार होता आणि त्याचा खर्च सरकारला उचलायचा नव्हता. मार्ग निघाला तो असा, की दगड काढून ठेवावेत आणि नंतर जवळपास कुठे तरी देऊळ पुन्हा रचावं. ते रचलं १९६२ मध्ये, मूळ जागेपासून शंभरेक मीटरवर, उघड्यावर, मोटारतळाच्या छतावर. तोंड दुसऱ्या दिशेला, सांध्यांत आधुनिक सिमेंट, आणि जिथे मुळात मातीची नि लाकडाची जमीन होती तिथे अंगणात बसवतात तशा वेड्यावाकड्या फरश्या. अंधारासाठी बांधलेल्या देवळावर पन्नास वर्षं पाऊस पडत राहिला.

त्या देवळाची झालेली हेळसांड पुष्कळांनी लिहून ठेवली आहे आणि मला तिचं वाईट वाटतंच. पण मला खरी चुटपूट लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. चार लाख माणसं देवाचं तोंड बघत होती आणि त्याच आवारात यंत्रं ओढ्याकाठचा काळा चिखल उचलून गाड्यांत भरत होती. तो चिखल देवळाहून दोनशे वर्षं जुना होता. त्यात पाट्या होत्या, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. नंतर उरलेल्या भागातच चारशे पाच मिळाल्या. कुठल्या भरावात त्या गेल्या असतील! त्यांत कुणाकुणाची पत्रं असतील! ग्राइम्स यांना दोष देता येत नाही. मालकानं मेहेरबानी करून दिली तेवढी मुदत आणि तेवढी जागा, एवढाच तेव्हाचा कायदा. माणसाला दगड दिसतो, मूर्ती दिसते, तिच्यासाठी तो रांगेत उभा राहतो. चिखलासाठी कोण उभं राहणार? चिखलासाठी नियमच लागतो.

तो नियम यायला १९९० उजाडलं. त्याआधीची काही वर्षं लंडनमध्ये बांधकामांची होती आणि भांडणांचीही. १९८८ मध्ये गिल्डहॉलच्या चित्रदालनाची जागा खणताना रोमन अँफिथिएटर सापडलं, जिथे झुंजी चालत. तिथे आराखडा बदलून ते तळघरात राखलं गेलं. वरच्या चौकात आज काळ्या दगडाची एक वळणदार रेघ आहे, तिच्यावरून चाललं की त्या रिंगणाचा घेर पायांना कळतो. पुढच्याच वर्षी रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. ते शेक्सपिअरच्या काळातले, रोमन नव्हेत. पण ते वाचवायला नटनट्या रस्त्यावर उतरल्या आणि सरकारला हलावं लागलं. १९९० च्या नोव्हेंबरात इंग्लंडसाठी पर्यावरण खात्यानं नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं काढली : जमिनीखाली काय आहे त्याचा अंदाज परवानगीआधी घ्यायचा, शक्य तर ते जागीच राखायचं, नाहीतर नीट खणून नोंदवायचं; आणि खर्च ज्याला बांधायचंय त्याचा. मला हा नियम फार मोठा वाटतो. बांधूच नका असं तो म्हणत नाही. बांधकाम झालं नसतं तर सात मीटर खाली कोण गेलं असतं? त्याचं म्हणणं इतकंच की खाली जाताना सावकाश जा, आणि त्या सावकाशपणाचे पैसे इमारतीच्या किमतीत धरा.

ब्लूमबर्गच्या जागेवर तसंच झालं. बकलर्सबरी हाऊस पाडलं तेव्हा त्याच्या तळघरांखालीही चिखलाचे जाड थर शिल्लक असल्याचं दिसलं. लंडनच्या संग्रहालयाच्या पुरातत्त्व विभागाची पन्नासेक माणसं त्यात उतरली आणि हजारो टन माती हातानं खणली. चौदा हजारांवर वस्तू निघाल्या. देवळाचे दगड मोटारतळावरून उतरवून पुन्हा मूळ जागेपाशी, मूळ खोलीवर रचले गेले. नेमके त्याच बिंदूवर नाहीत, किंचित बाजूला, कारण जमिनीत मूळ भिंतींचे काही तुकडे अजून जागेवर होते आणि त्यांना धक्का लावायचा नव्हता. २०१७ च्या नोव्हेंबरात ते विनामूल्य खुलं झालं.

मुलीबरोबर मी ते बघितलं. जिन्यानं उतरताना भिंतीवर सनावळी कोरलेली आहे. मुलगी ती मोठ्यानं वाचत होती : महायुद्ध, मोठी आग, नॉर्मन. “आई, आता रोमन,” असं ती म्हणाली आणि आम्ही तळाशी होतो. देवळात अंधार करतात, धुकं सोडतात, प्रकाशाच्या झोतांतून नसलेल्या भिंती नि खांब उभे राहतात, लॅटिन मंत्रांचे आवाज येतात. ते सुरेख आहे. लोक स्तब्ध होतात, मीही झाले. पण मी जास्त वेळ उभी राहिले ती वरच्या मजल्यावरच्या काचेसमोर. तिथे सहाशे वस्तू मांडल्या आहेत : जोड्यांचे तळवे, सुया, किल्ल्या, लेखण्या, मण्याएवढा अंबरचा ताईत, ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाच्या आकाराचा. शेजारी एक-दोन पाट्या. त्या दिसतात खपलीसारख्या करड्या, डोळ्यांना एकही अक्षर लागत नाही. मुलगी म्हणाली, “यात काही दिसत नाही गं.” मी तिला दिव्याच्या बाजूनं वाकून बघायला सांगितलं. एक रेघ तिलाही दिसली.

तिथे उभी असताना मला नाशिक आठवत होतं. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्यानं. त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्खूंना वस्त्रं नि इतर खर्च. व्यवहाराचा इतका काटेकोर तपशील दगडात! आणि शेवटी असं म्हटलंय की हे सारं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांच्या दप्तरात नोंदवलं. म्हणजे नाशकातही फळ्यांवर लिहिलेलं दप्तर होतं, आणि ते साधारण तेव्हाचंच, जेव्हा लंडनमध्ये या पाट्या खरडल्या आणि फेकल्या जात होत्या. त्या काळात आपल्या किनाऱ्यावरून रोमन जगाशी व्यापार चालू होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची लहानशी ब्राँझ मूर्ती त्याच वाटेनं आलेली. त्या व्यापारातही कुणी कुणाचं देणं लागत असेल, कुणी मुदत मागत असेल, कुणी मिठाची आण घालत असेल. आपल्या उन्हानं, पावसानं नि वाळवीनं त्यातलं काही ठेवलं नाही. उषवदाताचं दान राहिलं, कारण ते लोकांनी बघावं म्हणून डोंगरात कोरलं होतं. ज्या विणकरांनी ते पैसे धरले त्यांच्यातला एकही नावानिशी आपल्याला भेटत नाही. तिबुलस मात्र भेटतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत सिटीतून पुन्हा बातमी आली. ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या एका कचेरीच्या तळघराखाली लंडनच्या पहिल्या बॅसिलिकेच्या भिंती सापडल्या : इसवी सन ८० च्या आसपासचं ते सभागृह, जिथे न्यायनिवाडे होत आणि शेजारच्या चौकात बाजार भरे. तिथे नवी उंच इमारत व्हायची आहे. मालकांनी आराखडा बदलून त्या भिंती लोकांना बघता येतील अशा ठेवायचं कबूल केलंय. मुलीनं लगेच छायाचित्रं पाठवली. काँक्रीटच्या खाली चुनखडीच्या दगडांचा जाडजूड पाया. सुंदर आहे. ते खुलं झालं की मी जाणार. पण मी तिला उलट विचारलं, भिंतीच्या खालची माती कोरडी आहे की ओली? ती जागा ओढ्यापासून पूर्वेला, टेकाडावर आहे, तेव्हा कोरडीच असणार. ओली निघाली तर ती कुणीतरी हातानं खणायला हवी. तिबुलसनं पैसे फेडले की नाही ते अजून कळायचंय.